तेवढीच उंची

पाय मुरगळला म्हणून मी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत बसले होते. समोर दम लागून आलेली सात-आठ वर्षांची मुलगी वाफ घेऊन आता जरा शांत झाली होती. सिस्टरने तिला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलं.

"टाचा टेकव गं. चवड्यांवर उभं राहून कोणी उंच होत नाही."

मुलगी हसली. सिस्टरने आकडा वाचला, मग मुलीच्या आईने आणलेला जुना केसपेपर पाहिला. "ताई, गेल्या वर्षी आलात तेव्हाही ही एवढीच होती."

आई गोंधळली. "शाळेचा फ्रॉक अजून होतोय, म्हणून मला तर बरंच वाटत होतं हो."

मी नजर खाली वळवली. रोज वेणी घालताना, कुशीत घेताना जे वाढतंय असं आपण धरून चालतो, ते थांबलेलं कळायला कुणीतरी परकं लागतं. माझं काय काय थांबलंय, ते माझ्या आईलाही ठाऊक नसेल. मीही कधी सांगितलेलं नाही.

"परत एकदा मोजता का?" आईने विचारलं.

मुलगी पुन्हा भिंतीला टेकली, या वेळी अगदी ताठ. सिस्टरने नीट मोजलं. आकडा मात्र मोठ्याने सांगितला नाही.