फिनलंडची सून आणि माझं न बोलणं

आम्ही नवराबायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. रविवार होता. फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आले होते. तिनं ते कोमट पाण्यात टाकले आणि आम्ही पडवीत परात मधे घेऊन बसलो. वाल चिमटीत धरून दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. मी नख लावतो, मग त्याच्या दोन डाळी होतात. "अवो, बिरडं करायचंय, डाळ नाय," ती म्हणाली. हे ती लग्न झाल्यापासून म्हणत होती.

फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. त्यात सून. पोरगा नोकरीला फिनलंडला गेला आणि लग्नही तिकडंच केलं. परदेशी माणसांशी कसं वागायचं ते शिकवायला कंपनीनं त्याला दोन दिवस वर्गात बसवलं, वर कागद दिला. त्याच्या आईकडं कागद नव्हता. ती सुनेशी आमच्या खालापूरकडच्या मराठीत बोलायची, सून हूं म्हणायची, आणि अर्ध्या तासानं हिला सगळं कळलेलं असायचं. बर्फ किती पडला, उलट्या कधी थांबल्या, आठवा कधी लागला. कसं कळायचं ते मला कधी कळलं नाही. संक्रांतीला हिनं सुनेला हळदीकुंकू लावलं, फोनच्या काचेवर, बरोबर कपाळावर. तेवढ्यात सून हलली आणि कुंकू नाकावर आलं. पोरगा म्हणाला, आई, तिला लागत नाही ते. "लागतं," ही म्हणाली आणि दोन दिवस काच पुसू दिली नाही. मधेच माझ्या मेव्हण्यानं फोनवर तोंड दाखवलं, तर त्याच्या मिशीवर कुंकू.

मी त्या फोनात कधी आलो नाही. बोलायला ती होती, माझी गरज काय? सुनेला परातीतले माझे दोन हात तेवढे दिसायचे. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं म्हणे, या हातांचा माणूस बरा आहे ना.

त्या दुपारी बिरडं-भात खाऊन ही आडवी झाली. चारला मी चहाला हाक मारली. उठली नाही.

जग लहान झालंय, असं पोरगा नेहमी म्हणायचा. दोन विमानं बदलून तो तिसऱ्या दिवशी पोचला, तोवर राख झाली होती. मी म्हणालो, लहान झालेल्या जगात आईच्या मयताला पोचता येत नाय होय? तो रडला. मलाही मग वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं. सुनेला आठव्या महिन्यात विमानात घेईनात.

तेरावा उरकून तो निघाला. जाताना मला हिरवं बटण, लाल बटण शिकवत बसला. अरे, मी चौथीच शिकलो असलो तरी खोपोलीच्या कारखान्यात उभी हयात मशीन चालवली, मला बटणांची कसली भीती? भीती दुसरी होती. बोलणारी गेली. सून आता कोणासाठी फोन करणार? दोन-चार रविवार करेल लाजेकाजेस्तव. मग पोरगा दिवाळीला कसे आहात विचारणार आणि माझं नातवंड फोटोतच मोठं होणार.

पुढच्या रविवारी लोधिवलीची माझी बहीण मुद्दाम आली. बाईमाणसाशी बाईमाणसानं बोलावं, असं तिचं म्हणणं. अकराला फोन वाजला. पोरगा ड्यूटीवर, सून एकटी. बहिणीनं डोक्यावर पदर घेतला आणि फोनशिवायसुद्धा फिनलंडला ऐकू जाईल अशा आवाजात जेवलीस का, झोपतेस का, पाय सुजलेत का, सगळं विचारून घेतलं. सून बघत राहिली. मग बहिणीनं गळा काढला. आमच्याकडं दुखवट्याला आलेला माणूस गळा काढतो, आपणही काढायचा, मग कसं झालं ते पहिल्यापासून सांगायचं. मी ते इतक्या जणांना सांगितलं होतं की चारच्या चहापर्यंत आलो की पुढचं समोरचेच सांगायचे. सून काही गळा काढेना. पापणी हलेना. मला वाटलं फोन अडकला. मी तो उचलून दोनदा झटकला. तिनं डोळे मिटले आणि उघडले.

"दादा, मुकी हाय का रं ती?"

"मुकी नाय. तिच्याकडं उगाच बोलत नाहीत. दुखवट्याला जाऊन नुसते बसतात." पोरगा मागं कधी हे सांगत होता तेव्हा मी हसलो होतो.

"मग वाईट वाटलं ते कळायचं कसं?"

बहीण चहा करायला आत गेली आणि मी तिच्या जागी सरकलो. फोनच्या कोपऱ्यात माझं तोंड आलं. नाकात एवढे केस आहेत हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. सून बघत होती, मी बघत होतो. तिच्या डोळ्यातून एक थेंब निघाला, हनुवटीपर्यंत आला, तिनं पुसला नाही. मीही माझे पुसले नाहीत. कसं झालं ते मला पहिल्यांदाच सांगावं लागलं नाही. बहिणीनं आणलेला चहा गार झाला. मग सून म्हणाली, "बाबा." एवढंच, आणि फोन बंद झाला.

"काय बोलली?" बहिणीनं विचारलं.

"बाबा म्हणाली."

"अर्ध्या तासात एवढंच?"

एवढंच. पण बहीण संध्याकाळी एस्टीनं गेल्यावर मला करमेना. बाबा म्हणाली ते निरोपाचं की आणखी कशाचं? पुढच्या रविवारपर्यंत हे डोक्यात घेऊन बसायचं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताला मी चहा केला. साखर जास्त पडली. फोन टेकवून हिरवं बटण दाबलं. बराच वेळ वाजला. मग अंधारातून सुनेचं तोंड आलं, केस पिंजारलेले, आणि मागून पोराचा घाबरा आवाज, "बाबा, काय झालं?"

"काय व्हायचंय? चहा पितोय."

"इकडं साडेतीन वाजलेत, बाबा."

ही नेहमी बोटं मोजून मग फोन करायची. मी मोजली नव्हती. "मग झोप तू," मी म्हणालो.

तो झोपला. सुनेनं दिवा लावला, पाठीला उशी घेतली आणि बसली. मी चहा बशीत ओतला आणि प्यायला लागलो.