बोराटीचं कुंपण

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या भावामुळे, शंकरदादामुळे. अहेरीला नोकरीवर जाताना, धानकापणीच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या रोपांभोवती बोराटीच्या काटेरी फांद्या रोवणारी एक म्हातारी मला रोज दिसायची. धान निघालं की गावची गुरं मोकळी सुटतात आणि कोवळी रोपं खाऊन टाकतात.

"पाहून काऊन राह्यला बाबू? फांदी धर!" एकदा ती ओरडली. मी धरली. काटा रुतला, तशी ती खुदकन हसली.

"बाई, हे झाडं मोठे कधी होतीन?"

"मी मेल्यावर. पण हे झाडाईले काऊन सांगू?"

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं.

"दादा, माझ्या शिक्षणासाठी तू शाळा सोडलीस, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मला ठाऊक आहे. दिवाळीला घरी येतो."