पुलावरचा माणूस हात करत नाही

नदीला पाणी किती आहे ते सांगायचा पगार मिळतो, हे त्याने लग्नाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना ती थट्टाच वाटली. "बरं, आणि उरलेला दिवस?" त्यांनी विचारलं. उरलेल्या दिवसात पुन्हा पाणी मोजायचं. सकाळी सातला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, मुलीने जमिनीकडे पाहिलं, आणि लग्न ठरलं. सरळ माणूस आहे, एवढं त्यांना कळलं असावं.

सव्वीस वर्षं तो हेच करत आला. पुलाच्या दुसऱ्या खांबाला एक पांढरी मोजपट्टी ठोकलेली आहे, तिच्यावर मीटरचे काळे आकडे. एकतीस पायऱ्या उतरायच्या. लांब दांड्याच्या ब्रशने पट्टीवरचं शेवाळ घासायचं. पाणी हलतं, म्हणून तीनदा वाचायचं आणि मधला आकडा धरायचा. तो वहीत लिहायचा, मग फोनवरून कार्यालयाला पाठवायचा. पुलाच्या टोकाला त्याची खोली होती, टेबल, खुर्ची, केटल आणि खिडकी. कार्यालयातलं कुणी वर्षातून एकदा यायचं, तेही खुर्ची मोजायला.

काम असं, की चुकलं तर नोटीस आणि बरोबर केलं तर काहीच नाही. त्यामुळे कयाकवाल्यांनी त्याला पहिल्यांदा सलाम ठोकला तेव्हा तो गोंधळलाच. या कयाक म्हणजे एका माणसाच्या निमुळत्या होड्या, रंगीत, बसलं की कमरेपर्यंत आत. त्या दिवशी तो पुलावर उभा होता आणि खालून जाणाऱ्या एकाने वल्हं उंच धरलं. याने मागे वळून पाहिलं, कुणासाठी आहे ते. मागे कुणी नव्हतं. मग याने हात वर केला.

तेव्हापासून तो नेमच झाला. दर रविवारी होड्या आल्या की हा कठड्याशी जाऊन उभा. आधी एक हात करायचा, मग दोन्ही करायला लागला. त्यांनी त्याचं नाव 'पूलकाका' ठेवलं. पूलकाका दिसले की पुढचा प्रवास नीट होतो, असंही कुणीतरी पसरवलं. बायको म्हणायची, "घरी कुणी आलं तर खुर्चीतून उठत नाहीत, आणि तिकडे वाहत्या पाण्याला दोन दोन हात करतात." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

पुढे त्याची एकुलती एक लेकच त्या होड्यांत बसायला लागली. ती चिंगी. चोवीस वर्षांची झाली तरी घरात चिंगीच. सलूनमध्ये केस कापायचं काम करायची. दिवसभर हात वर धरून उभं राहायचं आणि रविवारी तेच हात वल्हवायला लावायचे. पिवळी कयाक तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तिच्या आईने महिनाभर अबोला धरला. मग तीच डब्यात दोन माणसांचं द्यायला लागली, मैत्रिणीचं धरून. मैत्रीण प्राथमिक शाळेत शिकवायची, तिला सगळे बाई म्हणायचे.

चिंगीनेच त्याच्या फोनवर तीन अ‍ॅप टाकून दिली. एक वाऱ्याचं. एक ठिपक्याचं: नकाशावर एक निळा ठिपका, तो म्हणजे चिंगी. बॅटरी टिकावी म्हणून दर दहा मिनिटांनी एकदा सरकायचा. आणि तिसरं पाण्याचं.

"हे बघा बाबा," ती म्हणाली, "आपल्या नदीला बोट लावा. काय दिसतंय?"

"एक पूर्णांक अडतीस." तो चकित झाला. "अगं, हा तर माझा आकडा!"

"मग! तुमच्या कार्यालयाकडून तो थेट इथे येतो. आम्ही सगळे तुमच्या आकड्यावर पाण्यात उतरतो. दीडच्या खाली हिरवा, एकसाठपर्यंत पिवळा, वर गेला की लाल."

सव्वीस वर्षं वहीत पडून राहिलेला आकडा आता लोकांच्या खिशात हिरवा होऊन झळकत होता. त्या आठवड्यात तो पट्टी दर वेळी दोनदा घासत होता. बायकोला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. आकड्याच्या खाली बारीक राखाडी अक्षरांत 'शेवटची नोंद ७.०२' असं लिहिलेलं असे. ते कुणी वाचत नसे. त्यानेही तेव्हा मनावर घेतलं नाही, आणि हे त्याला पुढे फार खायला उठलं.

आता नदीची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुलाच्या खाली दोन किलोमीटरवर एक जुना बंधारा आहे. पुरुषभर उंच, बुटका, दिसायला गरीब. पाणी दीडच्या खाली असलं की उजव्या अंगाने होडी त्यावरून घसरत जाते, पोरंटोरं घसरगुंडीवरून जातात तशी. एकसाठच्या वर गेलं की होडी खांद्यावर घेऊन काठाने चालायचं. कारण तेव्हा बंधाऱ्याच्या पायथ्याचं पाणी उलटं फिरतं आणि जे पडेल ते धरून ठेवतं. एकदा कुणाचा तरी फुटबॉल तिथे अडकला होता. दोन दिवस तो तिथल्या तिथे गरगरत, बुडत, वर येत होता. याने तो डोळ्यांनी पाहिला होता.

त्या रविवारी सातला आकडा होता एक पूर्णांक बेचाळीस. हिरवा. आकाश निरभ्र. रात्री वरच्या डोंगरात पाऊस झाला होता, पण ते इथे कुणाला ठाऊक नव्हतं. आठला चिंगीचा फोन आला. "बाबा, निघतोय आम्ही दोघी. साडेनऊपर्यंत पुलाखाली."

"ये, ये," तो म्हणाला. "आहेच मी."

साडेआठला चहाचा कप हातात घेऊन तो सहज खाली उतरला. पाण्याचा रंग बदललेला होता. काटक्या आणि फेस वाहत येत होता. पट्टी वाचली: एक पंचावन्न. कप पायरीवर ठेवून त्याने पुन्हा वाचली. मग तो वर धावला आणि कार्यालयाच्या अ‍ॅपमध्ये नवा आकडा टाकायला गेला. नोंदीची खिडकी बंद. सातची खिडकी सव्वासातला मिटायची आणि पुढची एकला उघडायची. चिंगीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन जलरोधक पिशवीत, पिशवी होडीत सीटच्या मागे बांधलेली. तो पुन्हा लावत राहिला. मग कार्यालयाला लावला. रविवारी तिथे एक कारकून असे.

"अहो, पाणी चढतंय. एकपंचावन्न झालंय. आकडा बदला."

"पण काका, पुढची नोंद एकला आहे ना?"

"एकला काय करू मी? आता चढतंय! होड्या आहेत पाण्यात!"

"होड्या आपल्या खात्याकडे येत नाहीत," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. आवाजातही काळजी होती. "मलाही बदलता येत नाही हो. वरून बंद आहे सगळं. मी वर कळवतो."

वर म्हणजे कुठे, ते त्याने विचारलं नाही. या फोनाफोनीत अर्धा तास गेला. त्याच अर्ध्या तासात तो बंधाऱ्याकडे चालत निघाला असता, तर... पण पाणी चढलं की आधी कार्यालयाला कळवायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. आयुष्यभर ज्याने नियम मोडला नाही, त्याला ऐन वेळी तो मोडायचा कसा हेही सुचत नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी पट्टी एकसहासष्ट दाखवत होती आणि अ‍ॅपवर आकडा तसाच, हिरवागार, बेचाळीस. त्याचाच आकडा, त्याच्याच हाताने टाकलेला. निळा ठिपका वरच्या वळणावर येऊन ठेपला होता.

तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. पुलाखालून तर जातीलच, थांबवायचं, बस्स.

वळणावरून पिवळी होडी आली, मागून बाईंची लाल. पाणी भलतंच वेगात होतं. याने दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागला. "काठाला घे! चिंगे, काठाला!" पाण्याचा आवाज एवढा, की त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं.

चिंगीने वर पाहिलं. तोंडभर हसली. आणि वल्हं उंच धरून तिनेही हात केला.

आठ वर्षांची सवय ती! पूलकाका दोन्ही हात हलवतायत, म्हणजे आज स्वारी खुशीत आहे. तो उड्या मारायला लागला, तशी बाईही हसायला लागल्या. हाताशी ब्रश होता, तोच त्याने खाली फेकला. होडीला लागला असता तरी चाललं असतं. ब्रश दोघींच्या मध्ये पाण्यात पडला. काकांच्या हातून निसटला वाटतं, असं समजून बाई त्याच्यामागे वळल्या. तो काठाच्या संथ पाण्यात गेला, तिथे जाऊन त्यांनी उचलला आणि वर धरून दाखवला. तोवर पिवळी होडी पुलाखालून पार झाली होती. तो रस्ता ओलांडून दुसऱ्या कठड्याशी धावला. तिची पाठ दिसत होती. पाठीला काय सांगणार?

मग तो काठच्या पायवाटेने सुटला. गुडघा जुना दुखरा, वाट चिखलाची. हातात फोन. मध्येच ठिपका सरकला आणि बरोबर बंधाऱ्यावर जाऊन थांबला. त्याला फुटबॉल दिसायला लागला. दहा मिनिटं ठिपका हलला नाही. हलणारच नव्हता, दहा मिनिटांनीच हलतो तो, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो दर चार पावलांनी बघत होता. चालता चालता तो ठिपक्याला विनवत होता, शिव्या घालत होता.

मग ठिपका हलला. बंधारा मागे टाकून अर्धा किलोमीटर पुढे गेला. "सुटली!" तो मोठ्याने म्हणाला आणि होता तिथे चिखलात बसला. जीव भांड्यात पडला. पोर आपली पट्टीची. आकड्यावर थोडीच अवलंबून आहे! डोळे पुसून, गुडघ्याला बरं वाटेपर्यंत तो चांगला दोन-तीन मिनिटं बसला.

त्या दोन-तीन मिनिटांची लाज त्याला आजही वाटते. कारण सुटली होती ती होडी, फोन घेऊन. तो बंधाऱ्याशी पोचला तेव्हा चिंगी काठावर पडलेली होती, निळी पडलेली, खोकत. बाई तिच्या अंगावर ओणव्या होऊन रडत होत्या. ब्रश उचलायला थांबल्यामुळे त्या मागे राहिल्या होत्या. पुढची होडी गडप झालेली त्यांनी लांबून पाहिली, काठाला लागल्या आणि दोर फेकला. पाण्याने चिंगीला तिसऱ्यांदा वर आणलं तेव्हा तो तिच्या उजव्या हाताला गुंडाळला गेला. बाईंनी ओढलं. जीव आला, खांदा निखळून आला.

एकला खिडकी उघडली तेव्हा तो इस्पितळाच्या बाकावर होता. ती नोंद रिकामी राहिली. म्हणून अ‍ॅप संध्याकाळी सहापर्यंत हिरवंच होतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं: एकची नोंद का झाली नाही, खुलासा करावा.

चिंगी त्याला एक शब्द बोलली नाही, लागेल असा. फक्त एकदा, बोलता बोलता म्हणाली, "पाणी गढूळ दिसत होतं हो बाबा. मनात आलंही होतं थांबावं म्हणून. पण तुम्ही हात हलवत होतात. म्हटलं, मग ठीकच असणार." मग त्याचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "सूप द्या ना थोडं." त्याने वाटी पुढे केली. ती डाव्या हाताने प्यायली, सांडत.

खांदा बसला, पण हात वर धरून ठेवण्याची ताकद गेली. केस कापणं सुटलं; त्याच सलूनमध्ये ती आता काउंटरला बसते. त्याने कार्यालयाला चार अर्ज केले: पाणी चढल्यास कोणत्याही वेळी नोंद टाकण्याची परवानगी मिळावी. चौथ्याला उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आकडा आजही सातचा तो सातचाच.

त्याच्या हातात काय होतं? खरोखर हातच काय ते होते. तेवढे त्याने आवरले. होड्या आल्या की तो पूर्वीसारखाच कठड्याशी येतो, पण हात खाली. कुणी वल्हं उंच करो, हाका मारो, हा खांबासारखा ढिम्म. नवी पोरं म्हणाली, म्हातारा खडूस आहे. मग कुणीतरी त्या पाण्याच्या अ‍ॅपमध्ये, आपल्या नदीच्या पानावर, जिथे जो तो सूचना लिहितो तिथे, एक ओळ लिहिली. 'पुलावरचा माणूस हात करत नाही. केला, तर आकडा काहीही असो, ताबडतोब काठाला लागा.' कुणी लिहिली हे त्याने घरात विचारलं नाही. घरात कुणी सांगितलंही नाही.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी, सातचा आकडा एक अठ्ठावीस असताना, वळणावरून बाईंची लाल होडी आली आणि तिच्या मागून पिवळी. चिंगी घरी काही बोलली नव्हती. उजव्या बाजूने वल्हं नीट पडत नव्हतं, होडी जरा तिरकी चालत होती, पण चालत होती. त्याने पट्टी तासाभरात तीनदा वाचली होती. पाणी शांत, स्वच्छ. हात वर जायला इतके धडपडत होते, की त्याने कठड्याची सळई दोन्ही मुठींनी घट्ट पकडली.

चिंगीने पुलाजवळ येताच वर पाहिलं. हसली नाही, वल्हं उंचावलं नाही. नुसते त्याचे हात पाहिले. खाली आहेत, हे पाहिलं, मान डोलावली, आणि वल्हवत पुलाखालून निघून गेली.