पडवीतली पावलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-तीन वर्षं. मुलुंडला आमचं कौलारू घर होतं, वीज अजून आलेली नव्हती. घरात आई, दादा, सुमनवहिनी आणि मी. दादा कारखान्यात रात्रपाळीला. मी पुढच्या ओट्यावर एकटा झोपायचो.

माझ्या पायांचं एक होतं. दिवसभर कचेरीत काही नाही. आडवा झालो की पोटऱ्यांत, खोल आत, काहीतरी जागं व्हायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. हाडाला बांधलेलं सूत कुणीतरी ओढतंय — हळूहळू, थांबून थांबून. उठून चाललं तरच सुटायचं. म्हणून मी मागच्या पडवीत अनवाणी फेऱ्या घालायचो. आत चाहूल लागली की वळसा घालून अंथरुणात. लाज वाटायची. शिवाय माझं लग्न ठरत होतं — पायात असलं काही असलेला मुलगा कोण पत्करणार?

वहिनीला तेच होतं. बाळंतपणात मूल गेलं, रक्त फार गेलं, तेव्हापासून. पण ती लपवत नसे. "भावोजी, माझे पाय तुमच्या सायकलीला जोडा, बसल्या बसल्या कचेरीत पोचाल!" मी हसायचो. तेव्हाच सांगता आलं नसतं का?

मग आईला रात्री पावलं ऐकू येऊ लागली. माझी पावलं. आई म्हणाली, "ही गेलेल्या पोरामागे हिंडते." मी सायकल काढून कचेरीला निघालो.

भगत आला. म्हणाला, झोपताना हिच्या पायांचे अंगठे एकत्र बांधा. पावलं थांबली तर ती हिची. नाही थांबली तर — हिच्या अंगावरचं चालतंय.

आईनं काळ्या दोऱ्यानं अंगठे बांधले. असे मढ्याचे बांधतात, तुम्हाला माहीत आहे. वहिनी म्हणाली, "अहो आई, इतक्यात?" एकटीच हसली.

त्या रात्री हलायचं नाही असं मी ठरवलं होतं. खाटेची दोरी मुठीत धरून पडलो. किती वेळ? पाय माझे राहिले नाहीत. उठलो. पडवीत आठ पावलं इकडे, आठ तिकडे. आत आईनं मोठ्यानं रामनाम सुरू केलं — तरी मी थांबलो नाही. आणि खरं सांगू? त्या अंधारात माझीच पावलं ऐकून मलाही वाटलं, हे दुसरंच कुणी आहे.

सकाळी वहिनी विहिरीवर आली. हळूच म्हणाली, "भावोजी, रात्री तुम्हीच होतात ना? तुमचेही पाय ओढतात ना?"

आई मागे उभी होती.

मी म्हणालो, "छे! मी तर गाढ झोपलो होतो."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या पायांकडे पाहिलं — परक्या वस्तूकडे पाहावं तसं. तोवर तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तो मी बसवला. त्या एका वाक्यानं. चार दिवसांनी ती आपण होऊन माहेरी, पेणला गेली. दादानं तिला परत आणलं नाही.

पुढे माझं लग्न झालं. काही वर्षांनी घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हा आजार आहे. अंगात लोह कमी झालं की बळावतो. गोळ्या दिल्या. चहा कमी केला, झोपण्याआधी पाय चोळून घेतो. पुष्कळ बरं आहे. कधीतरी अजून उठावं लागतं.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा वहिनी हयात होती. तिचा भाऊ भेटला की सांगायचा — ती भाच्यांना जवळ घेत नाही, आपल्या अंगावरचं त्यांना लागेल म्हणून. पेणचा पत्ता मला पाठ होता. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. मी लिहिलं नाही.