तीन लॉटची भीती

आमचे हे मुळात भित्रे. रिकामा रस्ता ओलांडतानाही दोनदा थांबतात. कारखान्याच्या भांडारात सत्तावीस वर्षं नटबोल्ट मोजले, एक नट कधी इकडचा तिकडे झाला नाही. कारखाना बंद पडला आणि याच माणसाने घरी बसून चलनांचे सौदे सुरू केले. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं. डोकं फिरलं, दुसरं काय!

पहिल्याच वर्षी हात पोळले. हे आधी ठरवायचे की दहा लॉट, म्हणजे हजार-हजार डॉलरचे दहा गठ्ठे घ्यायचे, आणि मग स्टॉपलॉस कुठे लावायचा ते बघायचे. स्टॉपलॉस म्हणजे भाव जिथवर उतरला की सौदा आपोआप मोडतो, ती रेघ. भाव जवळ आला की हे रेघच खाली सरकवायचे. मी शिवणकाम करते. माप घ्यायच्या आधी कात्री चालवणाऱ्याला मी मशीनजवळ फिरकू देत नाही.

शेवटी मी मध्ये पडले. भाव वर जाणार की खाली, ते ह्यांनी सांगायचं. रेघ आधी आखायची. त्या अंतरात खात्यातलं शेकडा एकाहून जास्त बुडणार नाही इतकेच लॉट घ्यायचे, आणि तो आकडा मी काढायचा. रेघ लांब, तर लॉट कमी. सौदा लागला की संगणकाचा माउस माझ्या शिलाई मशीनच्या खणात, म्हणजे रेघ सरकवायला नको. हे कुरकुरले, पण आठ महिने गाडी रुळावर राहिली. तेवढ्या काळात मी शिवून शिवून आमच्या दोघांच्या बँक खात्यात माझ्या दुकानाच्या गाळ्याची अनामत जमवली. शुक्रवारी भरायची होती.

त्या मंगळवारी दुपारी दोनला व्याजदर जाहीर होणार होते. हे म्हणाले, "आज डॉलर वर जाणार. दहा घेऊ."

"आज भाव उड्या मारणार. रेघ लांब ठेवा, तीन घ्या."

"तीनमध्ये काय, चहाचे पैसे सुटतील!"

"मग चहा प्या."

ह्यांनी पुढे वाद न घालता तीन घेतले. माउसही स्वतःहून माझ्या हातात दिला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दर जाहीर झाले आणि डॉलर कोसळला. मी शाळेच्या एका सदऱ्याची बाही जोडत होते. ह्यांच्या कपाळावर घाम. पाणी विचारलं तर मान हलवली. भाव रेघेखाली गेला, सौदा मोडला, शेकडा एक गेलं. चला, सुटलो, म्हणून मी पुढची बाही घेतली. पण भाव अजून घसरत होता आणि हे अजून पांढरेफटक पडत होते.

मी मशीन थांबवलं. मोडलेल्या सौद्यासाठी माणूस इतका घाबरतो कशाला?

"फोन काढा खिशातला."

"अगं, काही नाही..."

"काढा म्हणते ना!"

फोनवर दुसरं खातं होतं. सात लॉट. रेघ नाही. त्यात पैसे होते माझ्या अनामतीचे.

"अहो, गाळ्याचे?"

"परत येईल गं भाव. दहा मिनिटं दे."

"आत्ताच्या आत्ता विका."

"आत्ता विकलं तर निम्मे जातील!"

"आणि नाही आला भाव, तर?"

मी फोन हिसकावून घेतला, विकलं आणि उरलं ते बँकेत परत वळवलं. निम्मी अनामत गेली. मी तिथेच सदऱ्यात तोंड खुपसून रडले.

तासाभराने ह्यांनी टुणकन उडी मारली. "बघ! बघ! वर गेला! घेतला होता त्याच्याही वर! मी म्हणालो होतो ना?"

मला वाटलं, आता मलाच बोल लावणार. पण नाही. हे खूश होते. माझा गाळा बुडाला होता आणि अंदाज बरोबर निघाला म्हणून ह्यांचा चेहरा उजळला होता. पैसे मी पुन्हा कमावले असते हो. पण त्या हसण्याची मला भीती वाटली. एवढ्या संसारात ह्यांची भीती कधी वाटली नव्हती.

"उद्यापासून तू सांगशील तेवढेच," हे लाडात येऊन म्हणाले. "तुझी शपथ."

मी बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी धागा आणायला म्हणून बाहेर पडले आणि बँकेत जाऊन अनामतीचे उरलेले पैसे बहिणीच्या खात्यात टाकून आले. ह्यांना न सांगता केलेलं माझं हे पहिलंच काम.