पाच डबे आणि बाबांची कुजबुज

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. एस.टी.त कंडक्टर आहे मी. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ‘तिकीट कोणाचं राह्यलं?’ पोचवायचं तर नाजूक बोलून भागत नाही. घरी आल्यावर तो आवाज काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही, त्यामुळे घरातही तोच. म्हणून बाबांना ऐकू कमी येतं का, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. माझं बोलणं त्यांना गल्लीच्या टोकावरूनही ऐकू जायचं.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. गावच्या नाटक मंडळाचे ते प्रॉम्प्टर. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. बाबांनी जन्मात कधी तोंडाला रंग लावला नाही. विंगेत खुर्ची टाकून बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य असं सोडायचं, की त्याला ऐकू जावं आणि समोर बसलेल्याला जाऊ नये. लहानपणी मी त्यांच्या खुर्चीखाली घोंगडीत झोपायची. बाकीच्या पोरींना अंगाई ऐकून झोप यायची, मला बाबांच्या कुजबुजीनं यायची.

मागच्या हंगामात मुलचेऱ्याकडच्या एका गावात घोळ झाला. नाटकाचा हिरो ऐन रंगात आलेल्या प्रवेशात थांबला. बहिणीसमोर उभा, हात वर, तोंड उघडं, आणि वाक्य गायब! पब्लिकनं शिट्या मारल्या, कोणी तरी चप्पल भिरकावली म्हणे. पडदा पडल्यावर हिरो सगळ्यांदेखत बोलला, "बुढ्याले आता ऐकू येत नाई. मी अडलो हे त्याले समजलंच नाई." बाबांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. घरी येऊन आंघोळ केली आणि दिवसभर ओसरीत बसून राहिले.

मी तिथे असते तर त्या हिरोची मिशी उतरवून हातात दिली असती. पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं, कारण घरीही तसंच काही तरी चाललं होतं. जुना डबडा टीव्ही जाऊन आमच्याकडे नवा पातळ टीव्ही आला होता, आणि तेव्हापासून दर वाक्याला बाबांचं सुरू, "काय म्हणून राह्यला तो?" मी सांगायची, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जायचं. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. आम्ही टीव्ही लावला की ते उठून बाहेर जात.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर एकच उत्तर, "तो काय सांगन ते मले ठाऊक हाय."

यावर आमच्या घरवाल्यानं उपाय काढला. तो वायरिंगची कामं करतो. नाटकाच्या मांडवात भोंगे बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं एका डेकोरेशनवाल्याकडून वापरलेले दोन बॉक्स आणले, माझ्या खांद्याएवढे. "होम थेटर, होम थेटर म्हणते लोक, ते हेच. अर्ध्याहून कमी किमतीत भेटलं!" आणि मांडवात बांधतात तसेच ते टिनाच्या छपराखालच्या पायपाला उंच बांधले, तोंडं बाहेरच्या बाजूला. का, तर आवाज वरून पसरते, शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

अहो, पण आमच्या घरात शेवटची रांग कुठली? आवाज आमच्या डोक्यावरून गेला तो थेट रस्त्यापलीकडे. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू हसत हसत आल्या, "बाई, तुमची मालिका आमाले घरी बसून ऐकू येते. आमी आपला टीव्ही बंदच ठेवला." आणि त्या बॉक्सच्या बरोबर खाली बसलेले बाबा मला विचारत होते, "काय म्हणली ती?"

मी नवऱ्याची जी काय शोभा करायची ती केली. पण बाबांच्या मनात वेगळंच पक्कं झालं. एवढे मोठे बॉक्स, अख्ख्या गल्लीला ऐकू येतं आणि आपल्याला नाही, म्हणजे कान गेलेच. संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "बाई, मंडळाले सांगून देजो. यंदा दुसरा प्रॉम्प्टर पाहा म्हणा."

हा माणूस विंगेतली खुर्ची सोडून जगेल कसा? मी काही मंडळाला सांगितलं नाही.

बॉक्स परत करताना नवऱ्यानं टीव्ही भिंतीवरून खाली काढला होता. मी तो मागून पाहिला. बाप्पा! त्याचं आवाजाचं तोंड मागच्या बाजूला होतं. इतके महिने तो आमच्या भिंतीला मालिका ऐकवत होता. जुन्या टीव्हीचा आवाज समोरून यायचा, आणि तेव्हा बाबांनी कधी ‘काय म्हणला’ विचारलं नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, कानाचं दुखणं नसेलच कदाचित.

रजा टाकली आणि दोघांना घेऊन चंद्रपूर गाठलं. दुकानातल्या सेल्समननं आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि सगळ्यात महागडा संच लावला. स्फोट झाले, गाड्या उडाल्या, माझ्या बांगड्या वाजल्या. नवरा खूश! "मॅडम, पावर पाहा," सेल्समन म्हणाला. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या घरी बॉम्ब फुटत नाहीत. माणसं बोलतात ते लावा." त्यानं गाणं लावलं. गाणंही त्याच्याच पेन ड्राइव्हमधलं. म्हणजे तराजू त्याचा आणि वजनंही त्याचीच. अशानं काय समजणार? "आमचं काही तरी लावून पाहू," मी नवऱ्याकडे हात केला.

त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह होता, पण त्यात एकच गोष्ट होती. मुलचेऱ्याकडचं ते नाटक. मांडवातल्या माईकवाल्यानं बाबांच्या बाजूच्या विंगेतून रेकॉर्ड करून त्याला दिलेलं, अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"ते नको लावू," बाबा म्हणाले, आणि उठून दुकानाच्या दाराशी पाठमोरे उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण एवढ्या लांब आलो होतो. मी लाव म्हटलं.

महागड्या संचावर नुसता गदारोळ. ढोलकी छातीवर आदळे, आणि संवाद मात्र रजईखालून आल्यासारखे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मग त्यानं कोपऱ्यातला एक साधा संच जोडला. पाच छोटे डबे, त्यातला एक टीव्हीच्या खाली मधोमध ठेवायचा. तो मधला फक्त बोलण्यासाठी असतो, सेल्समननं सांगितलं. दिसायला तर अगदीच किरकोळ, किंमत निम्मी. नवऱ्याचं तोंड उतरलं.

आणि तोच प्रवेश आला. हिरो बहिणीसमोर हात वर करून थांबला. मांडव शांत. त्या शांततेत, मधल्या डब्यातून, बारीक पण स्वच्छ आवाज आला.

"ताई, घर मी विकलं नाही, घरानं मला विकलं."

खुर्चीखालच्या घोंगडीत ऐकलेला आवाज तो, मी कसा विसरीन? क्षणभरानं पुन्हा तेच वाक्य, जरा जोर देऊन. मग पुन्हा. आणि आमचा हिरो कुठे? टाळ्या घ्यायला विंग सोडून पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा! त्याला काय कप्पाळ ऐकू येणार? मग शिट्या सुरू झाल्या.

"रेकॉर्डिंग में गडबड है मॅडम," सेल्समन म्हणाला, "पीछे से कोई फुसफुस कर रहा है."

मी दाराकडे पाहिलं. बाबा वळले होते. रस्त्यावर ऑटो चाललेले, दुकानात पंखे फिरत होते, आणि तिथून त्यांनी ते ऐकलं होतं.

"मी देल्ला होता," ते म्हणाले. "वाक्य मी देल्ला होता, बाई."

मला रडू आलं. भर दुकानात, गणवेशाशिवाय का होईना, एक कंडक्टर बाई पदरानं डोळे पुसते आहे हे पाहून सेल्समन घाबरला आणि त्यानं आपणहून किंमत उतरवली. मी तशीच नाक ओढत वायर आणि स्टँड फुकटात मागून घेतले. रडणं आपल्या जागी, भाव आपल्या जागी.

घरी मधला डबा टीव्हीखाली, बाबांच्या कानाच्या उंचीला लावला. नवरा सवयीनं बाकीचे पायपाला बांधायला निघाला होता, त्याला मी एका हाकेत शिडीवरून उतरवलं. बाबांनी स्वतः मंडळाला फोन केला, "माझी खुर्ची ठेवजा. आन हिरोले सांगजा, विंगेजवळ राहाय म्हणा." नंतर डॉक्टरकडेही नेलंच मी. वयाच्या मानानं कान ठीक आहेत म्हणाले.

तरी माझ्या मनात एक किडा होता. परवा बाबा ओसरीत नव्या नाटकाचं पुस्तक घेऊन बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी आत भाजी निवडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज खाली, अगदी खाली आणला आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "घर मी विकलं नाही, ताई..."

बाबांनी पान उलटलं. मागे वळलेसुद्धा नाहीत.

"‘ताई’ पयले हाय," ते म्हणाले.