खंडेनवमीचा कॅमेरा

नागरवाड्यातल्या काकांकडे काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा जुना लाकडी कॅमेरा होता. त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते, त्यांचा तो. काका माझ्या कॉलेजमधून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांच्याकडे इंग्रजी सुधारायला जायचो. काकांचा मुलगा घर विकून त्यांना गोत्री भागातल्या आपल्या फ्लॅटवर नेणार होता आणि सामानाची वाटणी चालली होती. कॅमेऱ्यावरून माझी नजर हटत नाही हे बघून तो म्हणाला, "दसऱ्यानंतर भंगारातल्या जुन्या वस्तू घेणारा येतोय. त्याच्या आत यातून बाबांचा एक स्पष्ट फोटो काढून दाखव. निघाला तर कॅमेरा तुझा."

मी तो रिक्षातून घरी आणला.

तसल्या काचेच्या प्लेटा आता कुठे मिळतात? मिळते ती पातळ सुटी फिल्म. कॉलेजमधल्या एका सीनियरने त्याच्याकडची थोडी उरलेली दिली. ती आकाराने मोठी, म्हणून बाथरूमची खिडकी काळ्या कागदाने बंद करून अंधारात चाचपडत कापली. पण काच जाड आणि फिल्म कागदासारखी. कॅमेऱ्यात प्लेट धरणाऱ्या होल्डरमध्ये ती नुसती लोळायची. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, तीन कडा आत दुमडल्या आणि फिल्म त्यात सरकवली. पहिल्या फोटोत काकांचे डोळे धूसर आले, मांडीवरचे हात मात्र लख्ख. बराच विचार केल्यावर कळलं की फिल्म काचेच्या जागेपेक्षा मागे बसतेय. पत्र्यामागे पुठ्ठा घालून ती पुढे ढकलली. पुठ्ठा कमी-जास्त करण्यात बाकीची फिल्म गेली. शेवटी दोनच तुकडे उरले, होल्डरच्या दोन बाजूंना तशाच दोन पत्र्यांत एकेक.

कॅमेरा आणि ते तुकडे घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी कोट घातला, केस विंचरून घेतले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर त्यांची उलटी प्रतिमा इतकी स्पष्ट दिसत होती की मला पापण्या मोजता आल्या असत्या.

"हलू का रे आता?"

"थांबा काका. अजून एक."

"या वयात हललो नाही तरी लोक घाबरतात," ते म्हणाले आणि पुन्हा ताठ बसले.

दोन्ही फोटो झाले. पण कॉलेजची डार्करूम नवरात्रात बंद होती. फिल्म दसऱ्यानंतरच धुता येणार होती, म्हणून होल्डर कॅमेऱ्याबरोबर घरी कपाटावर ठेवला.

माझे वडील कारखान्यात फिटर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खंडेनवमीला ते दरवर्षी पाने, हातोडा, स्कूटर, आईचं शिलाई मशीन धुऊनपुसून पूजतात. त्या दिवशी आईने मला झेंडू आणायला पाठवलं. परत आलो तर कॅमेरा पाटावर होता, त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. शेजारी होल्डर होता, फिल्मवर उजेड पडू न देणाऱ्या दोन्ही झडपा पूर्ण बाहेर ओढलेल्या. फिल्मच्या मधोमध कुंकवाचं बोट.

"आतून पण पुसलंय," वडील म्हणाले. "किती वर्षांची धूळ असेल. हार दे इकडे, तुझ्या हत्याराला पहिला."

मी हार दिला.

तरीही डार्करूम उघडल्यावर दोन्ही तुकडे धुतले. आशा वाईट असते. दोन्ही ठार काळे निघाले.

कॅमेरा घेऊन नागरवाड्यात गेलो तेव्हा तो जुन्या वस्तू घेणारा आधीच येऊन बसला होता. काकांच्या मुलाने फिल्म खिडकीशी धरली. "हा माझ्या बापाचा फोटो? एक्स-रेमध्ये तरी काही दिसतं."

मी झडपांचं सांगितलं. मग पूजेचंही.

"होल्डरची पूजा?" तो हसला. "अरे, घरात कोणाला काही सांगतोस की नाही?"

मी काकांकडे बघितलं. त्यांच्यासमोर दोन वेळा शटर उघडलं होतं. त्यांच्या नातीला समोर बसवून दुधी काचेवर तिचा चेहरा त्यांना मीच दाखवला होता. कॅमेरा चालतो हे त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त त्यांना माहीत होतं. ते बशीत चहा ओतत राहिले. मुलाच्या घरी राहायला जायचं होतं त्यांना. मला ते समजतं, पण समजून काही कमी होत नाही.

घेणाऱ्याने कॅमेरा उचलून बघितला. "बंद हशे तो पण चालशे," तो म्हणाला, "शोकेसमां ज मूकवानो छे." बंद असला तरी त्याला चालणार होतं, नुसता शोभेला ठेवायचा होता. माझे पत्रे आणि पुठ्ठे त्याने होल्डरमधून काढून टेबलावर ठेवले. कचरा समजून.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "कॅमेरा?"

"त्यांनी विकला."

"तुला देणार होते ना?"

"विचार बदलला त्यांचा."

"मोठ्या लोकांचं असंच असतं," ते म्हणाले. "दुरुस्त करून घेतला आणि विकून मोकळे. मी एवढी पूजा केली त्याची."

मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर ते सकाळची पाळी सोडून नागरवाड्यात गेले असते आणि दारात हात जोडून काकांच्या मुलाची माफी मागितली असती. ते मला बघायचं नव्हतं.